वैयक्तिक फोल्डर

५ डिसेंबर, मु. बीबी

आज सकाळी बसमधून उतरताना स्नेहलताने आधी देवांची टोपली माझ्या हातात दिली, मग ट्रंकेला हात लावला. पुंजाजी स्टँडवर घ्यायला आले होते. त्यांच्या टायपिंगच्या दुकानामागची खोली आम्हा नवराबायकोला मिळाली आहे. खिडकीतून ऊन येतं, नळ जवळ आहे. जिनिंगचा कारखाना बंद पडून नोकरी गेल्यापासून मी मनाने थकलो होतो. पन्नाशीला आल्यावर त्यांच्याकडे पुन्हा टायपिंगची खुर्ची मिळाली, देवाची कृपा. समोर बशीरभाईंची चहाची टपरी आहे. पहिल्याच कपाला म्हणाले, "भाऊ, ते दुकानातलं कॉम्प्युटर काऊन गरम होते माहीत आहे का? त्याले कोनी चहाच पाजत नाही!" स्नेहलता किती दिवसांनी हसली. जेवताना पुंजाजींनी इथे आधी टायपिंग करणाऱ्या जयमालाबाईंचं फार कौतुक केलं.

६ डिसेंबर

कामाला सुरुवात. कॉम्प्युटरवर स्टार्टचं बटण दाबलं की फोल्डरांची रांग दिसते: चित्रे, संगीत, डाउनलोड. गिऱ्हाईक उभ्या उभ्या तिथे बोट घालतं आणि दुसऱ्याचे फोटो उघडतं, म्हणून पुंजाजींना ती रांगच नको आहे. सेटिंग्जमध्ये प्रत्येक नावापुढे एक कळ असते. ती सरकवली की नाव मेन्यूतून जातं, आतलं सगळं जागच्या जागी राहतं. सोपं काम. शेवटी 'जयमाला' नावाचा एक फोल्डर उरला. तोही काढला.

८ डिसेंबर

जयमालाबाईंची एक जुनी फाइल सापडेना, म्हणून पुंजाजींकडे त्यांचा नंबर मागितला. ते म्हणाले, "कोन जयमाला?" त्या दिवशी जेवताना ते काय बोलले याची मी आठवण करून दिली. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. प्रवासाचा शीण असेल, म्हणाले. असेल.

११ डिसेंबर

रांगेत नवं नाव: 'बशीर'. काल ते काही छापून घ्यायला आले होते, तेव्हा चुकून तयार झालं असेल. कळ सरकवली आणि सवयीने मोठ्याने म्हणालो, बशीर काढला. स्नेहलता आतून ओरडली, "अहो, जित्या मानसाच्या नावाले काढला म्हणतात का?" खरं आहे. आपण दुकानसुद्धा बंद करत नाही, वाढवतो. बांगड्या फुटत नाहीत, वाढवतात. पण पडद्यावर दुसरा शब्दच नव्हता.

१२ डिसेंबर

टपरी नाही.

त्या जागी गवत आहे. जुनं, वाळलेलं. पुंजाजी म्हणतात, तिथे चहा कधी मिळतच नव्हता. स्नेहलतालाही आठवत नाही. ती हसली होती, तेही नाही. धावत जाऊन कळ उलटी सरकवायला बसलो, तर यादीत बशीर हे नावच नाही. बशीरभाई, माफ करा. मला माहीत नव्हतं.

१४ डिसेंबर

'स्नेहलता'.

हात लावला नाही. वायर उपटली. पोथी घेऊन बसलो, पण ओळ पुढे सरकेना.

१५ डिसेंबर

वायर जमिनीवर पडलेली, तरी पडदा उजळलेला. नाव 'स्नेहल' झालं आहे. मी काही केलं नाही. शेजारच्या बाई रोज ताक आणून देतात. आज एकच पेला आणला. म्हणाल्या, "एकट्या मानसाले कितीक लागते?"

स्नेहलता माझ्या बाजूलाच उभी होती.

१६ डिसेंबर

'स्नेह'.

पुंजाजी तिला धक्का देऊन पुढे गेले, वळूनही पाहिलं नाही. ती विचारते, "अहो, मी कोनाले दिसून नाही राह्यली का?" काय सांगू? तिला घेऊन निघून जावं, तर नाव इथेच राहणार, आणि एकेक अक्षर गळत —

फार थकलो आहे.

यादीत सगळ्यांत खाली एक कळ आहे. वैयक्तिक फोल्डर. पुढे माझं नाव. बोट ठेवून कळ अर्ध्यापर्यंत नेली. वरचं नाव पूर्ण झालं — स्नेहलता. बोट मागे घेतलं. पुन्हा 'स्नेह'.

म्हणजे दोघांतलं एक —

१७ डिसेंबर

आंघोळ करून देवापुढे बसलो. माझ्यासाठी काही मागितलं नाही. ती निजलेली होती, उठवलं नाही. दुकानात आलो. 'स्ने' —

कळ शेवटपर्यंत नेली. सोडली.

स्नेहलता. पूर्ण.

बाहेर शेजारच्या बाईंनी तिला हाक मारली. नाव घेऊन. ती "हाव, आली" म्हणाली. ऐकलं मी. देवा —

आता दारात आली आहे. माझ्याकडे बघते आहे. डोक्यावर पदर घेतला, परक्यापुढे घेतात तसा. विचारते, "कोन पाहिजे तुम्हाले, दादा?"

मी म्हटलं, मी —