एक कप मध म्हणजे किती?

४ मार्च, सोमवार

वजनकाटा आला एकदाचा. नवरोबा खूश! बेकरीत आता कप-बिप बंद, सगळं ग्रॅममध्ये. मध कपाला चिकटून बसतो, दर वेळी बोटानं निपटायचा, त्यात वेळ जातो म्हणे. पण कपांचे ग्रॅम करून तक्ता कोणी बनवायचा? अर्थात मीच! पाय आधीच गळून गेलेत, त्यात हे गणित.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "कपानं केलेलं आजवर कोणाच्या घशात अडकलं का?"

५ मार्च

तक्ता झाला. एका कपात २४० मिलिलिटर मावतं, म्हणजे मध २४० ग्रॅम. मोठ्या खेपेला सहा कप, म्हणजे १४४०. भिंतीवर चिकटवून टाकला. सुटले बाई!

८ मार्च

सासूबाईंच्या हातचा मधाचा केक बिघडला! फिकट, कोरडा, सुरी लावली की भुगा. आमच्याकडून केक नेणाऱ्या कॉफीवाल्यानं ट्रे परत आणून आपटला — "हे गिऱ्हाइकाला देऊ? ठसका लागून मरेल ना!"

११ मार्च

पुन्हा तेच. नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, तुला काट्यावरचे आकडे दिसत नाहीत आता. तू घरी बस."

आईंनी एप्रन काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर मलाही वाटलं, वय झालं.

१२ मार्च

पहाटेपासून उभी. त्यांचं कामही माझ्याच गळ्यात. पाठ मोडली.

१४ मार्च

आज मी केला, तरी केक कोरडाच! मला तर आकडे स्वच्छ दिसतात. शेवटी रिकामा कप काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला, कपात काठोकाठ मध भरला — ३४०! पुन्हा केलं. ३४०च.

पाण्याचं माप मधाला लावलं मी! मध पाण्याहून जड, हे चमचा उचलला तरी कळतं. प्रत्येक खेपेत सहाशे ग्रॅम मध कमी पडत होता. आईंचा काडीचाही दोष नव्हता.

गुपचूप तक्त्यावर २०४० लिहिलं. दुसरी खेप मऊसूत झाली. नवरा म्हणाला, "बघ, नीट मोजलं की कसं जमतं!" मी पुढचा ट्रे भट्टीत सरकवला. लाज वाटते माझीच मला.

१५ मार्च

सांगायला गेले. आई खिडकीशी बसलेल्या, हात मांडीवर, रिकामे. त्यांच्यासमोर भाजी निवडली आणि परत आले.

१७ मार्च

उद्या सांगायचंच. मग नवरा काय बोलायचं ते बोलो.

१८ मार्च

सांगितलं. सांगता सांगता रडले.

आई म्हणाल्या, "अगं, पहिल्याच दिवशी कळलं मला. पातेल्यात मध ओतला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"चाळीस वर्षं पहाटेपासून उभी राहिले, पहिल्यांदा मला कोणी म्हणालं, घरी बस." मग माझा हात घट्ट धरला — "पाया पडते तुझ्या, त्याला सांगू नकोस."