अर्धा केक

३ मार्च, सोमवार

आजपासून पेन्शन निम्मी सुरू, नोकरी निम्मी चालू. सोमवार, मंगळवार आणि बुधवार दुपारपर्यंत फेरीबोटीचं सुकाणू माझं. पुढे मी माझी. किती सरळ गोष्ट! तर ऑफिसनं काय करावं? बदामाच्या हिरव्या मार्झिपानचा केक! वर साखरेची अक्षरं — गुनवूर, एकतीस वर्षांबद्दल आभार. अख्ख्या स्वीडनमध्ये असं लिहिलेला केक कायमच्या निरोपाला आणतात. फुलं घेऊन सगळे रांगेत उभे!

"अरे, मी अजून बुडाले नाही!" म्हटलं. सुरी घेतली, बरोब्बर मधून कापला. "एवढा खा. उरलेला मी जाईन त्या दिवशी." डबा कँटीनच्या फ्रीझरमध्ये टाकला. योआकिम, आमचा नवा साहेब, वय एकेचाळीस — नुसता ओठांनी हसला.

५ मार्च

का हसला ते आज कळलं. "गुनवूर, अर्ध्या माणसाच्या हाती सुकाणू नको. तू धक्क्यावर थांब, लाइफजॅकेटं तपास, रंगकाम बघ."

अर्धा माणूस! उचलली जीभ, लावली टाळ्याला!

"योआकिम, पगार निम्मा झालाय. डोळे दोन्ही शाबूत आहेत." त्यानं सुकाणूच्या केबिनची चावी मागितली, मी दिली नाही. खिशात घालून सरळ घरी आणली.

१३ मार्च, गुरुवार

सुट्टी. हे फक्त इथेच लिहिते — सकाळी गाडी काढली, धक्क्यावर लावली आणि थर्मासमधली कॉफी पीत आमची बोट बघत बसले. दोन तास! गेल्या गुरुवारीही हेच केलं. घरी बसून करू काय? फार एकटं वाटतं. योआकिमला कळलं तर केवढा खूश होईल! कळू देणार नाही.

२४ मार्च, सोमवार

जिंकले! युनियनच्या बाईला सोबत नेलं. तिनं करार वाचून दाखवला — वेळ निम्मी, काम तेच. योआकिम तेच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिला. डोळ्यांखाली काळं. वाचू दे, म्हटलं.

बाहेर दाट धुकं. तरी बोट वेळेवर पलीकडे पोचवली. बेटावरचा म्हातारा आल्वार बोटीवरच्या आपल्या गाडीच्या काचेतून ओरडला, "पेन्शन अर्धी, वेग पूर्ण!"

२५ मार्च

योआकिम आला नाही. म्हणे आजारी.

८ एप्रिल, मंगळवार

आज आला. कामाच्या ताणानं पार करपून गेला होता म्हणे. डॉक्टरनं आठवड्याला अडीच दिवसच काम करायला सांगितलंय. माझ्याएवढंच! कँटीनमध्ये कुणी त्याच्याकडे बघेना. मी एक टोमणा तयार ठेवला होता, चांगला धारदार. तेवढ्यात तोच माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "गुनवूर... उरलेल्या दिवसांचं तू करतेस काय?"

टोमणा गिळला. फ्रीझरमधून उरलेला अर्धा केक काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

१० एप्रिल, गुरुवार

गाडीतल्या शेजारच्या सीटवरचं सामान मागे टाकलं. आज थर्माससोबत दोन कप घेतलेत.