आणखी एकदा वाजवा

रत्नागिरी,
२२ डिसेंबर १९३१

चि. धाकू यास बायचे अनेक आशीर्वाद.

काल दुपारी मिशनच्या बंगल्यात मी रूथ आणि सगुणा या दोन मुलींना पियानोवर नाताळचं गाणं शिकवत होते. दोघी अगदी नवशिक्या, एकाच हाताने सूर शोधत वाजवणाऱ्या. सहज खिडकीतून पाहिलं, तर फाटकापाशी तू! तुझे भावोजी गेल्यावर मी ख्रिस्ती झाले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरचं कुणी इथं फिरकलं नव्हतं.

गाणं संपलं तसा तू जायला वळलास. मी घाईघाईने म्हटलं, "आणखी एकदा वाजवा गो." सूर सुरू झाले आणि तू थांबलास. मग मी त्यांना तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. बाहेर आले आणि तू तोंड फिरवलंस तर, या भीतीने मी जागची हलले नाही. शेवटी रूथ रडकुंडीला आली. "बाई, बोटं दुखतात." तेव्हा कुठे मी उठून बाहेर धावले, पण तू गेला होतास.

माळ्याला विचारलं, "तो माणूस काही बोलला?"

"काय नाय. बाई वेळेवर जेवतात ना, इतकंच इचारलान."

हे पत्र घरी बुरोंडीला आलं तर आबा फाडतील आणि तुलाच बोलतील, म्हणून पाठवत नाही. पण धाकू, मी जेवते रे. दोन्ही वेळा जेवते. समोर कुणी नसतं, एवढंच.

तुझी बाय,
राही