डोंगर गप्प झाला

प्रिय आईस, तुझ्या बडबड्या मकरंदचा बेंगळुरूहून वाकून नमस्कार.

खोकला जवळजवळ गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

ज्या कचऱ्याच्या डोंगराविरुद्ध मी सभा गाजवतो, तिथे काल गेलो. आतल्या मिथेन वायूमुळे तो दर उन्हाळ्यात पेटतो. आता एका उतारावर खनिजाचे दाणे मिसळलेली माती पसरली आहे. ती वायू धरून ठेवते म्हणे. "ही शुद्ध धूळफेक आहे!" मी गरजलो.

शेजारच्या वस्तीतल्या कावेरीअक्का वायू मोजायचा मीटर पुढे करत म्हणाल्या, "अण्णा, भाषण स्वल्प थांबवा. मीटर बघा."

उघड्या कचऱ्यावर किंचाळणारा मीटर त्या मातीवर गप्प झाला. आई, मीही गप्प झालो! तू निखाऱ्यावर राख ओढतेस, तशी वीतभर जाडीची माती, आणि खाली अख्खा डोंगर!

उन्हाळा अजून यायचाय. पण दरवर्षी धुरामुळे घर सोडणाऱ्या अक्का यंदा दारात पापड वाळवणार आहेत.

तुझा,
मकरंद