वीस मिनिटांचा डोंगर

३ फेब्रुवारी, सोमवार

लवूचा शिरोड्याहून फोन. सोळा तारखेला मुलाकडे डोंबिवलीला चालला, कायमचा. घर बंद करणार. मी म्हटलं, त्याआधी येतो, आणि सायकलनेच येतो. चाळीस वर्षं दर रविवारी आरोंद्याहून सायकलनेच गेलो. शेवटच्या वेळी काय रिक्षाने जाऊ?

फोन ठेवल्यावर आठवलं, सायकलला कुलूप आहे. दिवाळीत मी सायकलसकट बांधावरून शेतात पडलो, तेव्हापासून किल्ली सुनेकडे, स्वप्नाकडे. पडलो ते बांध निसरडा होता म्हणून.

४ फेब्रुवारी

स्वप्नाकडे विषय काढला. म्हणाली, "मामांनू, स्कूटरीर बसवन मी नेतंय तुमका. किल्ली काय मेळाची नाय."

मुलाला, विनीतला फोन लावला. तो जहाजावर, इंजिनरूममध्ये. म्हणाला, बाबा, भांडू नका, मोजूया. माझ्या खोलीत ट्रेनर आहे, त्यावर बसा. ट्रेनर म्हणजे मागचं चाक काढून यंत्रावर बसवलेली त्याची सायकल. पेडल मारायचं, समोर पडद्यावर डोंगर सरकतो. चढ आला की पेडल जड. माणूस तासभर टिकवेल ती ताकद म्हणजे थ्रेशोल्ड. पण तासभर कोण मरतो? वीस मिनिटं जीव लावून चढायचं आणि आलेल्या वॅटमधून पाच टक्के वजा करायचे. शिरोड्याच्या वाटेवरच्या चढणीला शंभर तरी हवेत. शंभर आले की स्वप्ना किल्ली देईल.

शंभर वॅट म्हणजे जुना बल्ब एक. त्यात काय!

६ फेब्रुवारी, सकाळी

सातव्या मिनिटाला उतरलो. दम लागला म्हणून नाही. पंखा चुकीच्या बाजूला होता.

ठराव: रोज पहाटे पाचला उठणे. भात अर्धा. बांगडा बंद.

७ फेब्रुवारी

सव्वासातला उठलो. दुपारी बांगड्याचं तिखलं होतं. अन्नाला नाही म्हणू नये.

९ फेब्रुवारी, रविवार

वीस मिनिटं पूर्ण. अडुसष्ट वॅट. पाच टक्के गेले, राहिले चौसष्ट आणि थोडे. स्वप्नाला बल्बाचं मीच सांगून बसलो होतो. म्हणाली, "साठचो तर आमच्या न्हाणयेत आसा."

छातीत धडधड बराच वेळ. पण ती उत्साहाची.

११ फेब्रुवारी

झोप नाही. पाच दिवस उरले. लवूचा पुन्हा फोन, कधी येतंस. म्हटलं, तयारी चालू आहे. म्हणाला, "तयारी कसली? लगीन आसा काय तुझा?"

१२ फेब्रुवारी

शोध लागला. यंत्र सुरुवातीला वजन विचारतं. कधीचं वजन, ते विचारत नाही. मी लग्नातलं घातलं, पंचेचाळीस. काय तो डोंगर सरसर मागे पडला! वीस मिनिटांत एकशे बासष्ट मीटर उंची चढलो. पडद्यावर वॅट मात्र ऐंशीच. खाऱ्या हवेने पडद्यांचं असंच होतं.

१३ फेब्रुवारी

वॅट हाताने काढायचं गणित विनीतने सांगितलं होतं: वजन, चढलेली उंची, लागलेला वेळ. सातवीपर्यंत शिकलो, गुणाकार येतो. पण म्हटलं, त्यालाच करू दे. त्याला कळवलं: वजन अठ्ठ्याहत्तर, सायकल आठ, चढ एकशे बासष्ट, मिनिटं वीस. वजन माझं आजचं आहे. उंची मीच चढलो. यात एकही आकडा खोटा नाही. तीनदा तपासून पाहिलं.

रात्री उत्तर आलं. "बाबा! पाच टक्के काढून एकशे आठ! या वयात कमाल केलीत." वाचून बरं वाटलं, मग जरा कसंसंच झालं. तिखलं जास्त झालं असावं.

१४ फेब्रुवारी

किल्ली मिळाली. स्वप्नाने टायरात हवाही भरून दिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मांड्या दुखतात. मोठ्या सवारीआधी विश्रांती घ्यावी असं म्हणतात. स्वप्नाला सुट्टी होती. म्हणाली, "चला मामांनू, आज सोडतंय लवूकाकांकडे, सांजवेळापर्यंत बसा." मी म्हटलं, उद्या सकाळी सायकलने. तो घरून दहाला निघणार. सहाला निघालो की सातला त्याच्या ओटीवर.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

सहा ठरले होते, निघालो पावणेआठला. चढणीच्या तिसऱ्या खांबाशी उतरलो. ढकलत पाचव्यापर्यंत गेलो, तिथे बसलो. परत उठलो, परत बसलो. इथे वजन कोणी विचारलं नाही.

साडेदहाला वरून एक भाड्याची गाडी आली. लवू. माझी वाट बघून बघून ड्रायव्हरला आरोंद्याच्या बाजूने घ्यायला लावली. मुलगा पुढे बसून घड्याळ बघत होता. लवू काचेतून म्हणाला, "काल सुनेच्या स्कूटरीर बसान इलं असतंस, तर दोन तास गजाली करूक गावला असता." त्याने माझा हात धरला, सोडेना. हात केवढा हलका झालाय त्याचा. पाच मिनिटं. मग मुलगा म्हणाला, बाबा, ट्रेन.

गाडी सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, वारा समोरचा होता रे, म्हणून उशीर झाला.

तो म्हणाला, "होय रे, वारो खूप आसा."

माडाचं एक झावळही हलत नव्हतं.