चार पावलं

३ जानेवारी

पुन्हा सुटला! बॅटची कड घेऊन चेंडू सरळ भाऊजींकडे — आणि हातातून खाली! चारचौघांत ओरडलो, "कीपर आहात की पाहुणे?" त्यांनी नुसते ग्लोव्ह झटकले. ताईचा नवरा म्हणून किती सोसायचं? या मोसमात माझ्या बोलिंगवरचा हा तिसरा कॅच. चौतिशीत मला आणखी मोसम कोण देणार!

५ जानेवारी

गुडघ्यावर बर्फ. आजही.

८ जानेवारी

कोच वेगाचा आकडा सांगतच नाहीत. "लय बघ, आकडा नको." म्हणजे काय समजायचं? रविवारी निवड समितीचे साहेब येणार. त्यांनी घेतलं नाही तर संपलंच सगळं. मला दुसरं येतं काय? चेंडूच्या शिवणीवर बोटं ठेवली की मी कोणीतरी असतो. एरवी कठडा धरून जिना उतरतो.

पण भाऊजी अजूनही यष्टींच्या वीस पावलं मागे उभे राहतात! बोलरचा वेग गेला की कीपर आपोआप पुढे सरकतो. तेवढाच आधार आहे. जीव मुठीत धरून तेवढंच बघतो.

९ जानेवारी

ताईकडे गेलो. भाऊजी डाव्या हाताने चहा पीत होते. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीने एकत्र बांधलेली. ते आत गेले आणि ताई तुटून पडली.

"जिभेला काही हाड आहे का तुझ्या? तुझा चेंडू आता त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दुसरा टप्पा बोटांशी पडतो! पुढे उभे राहा म्हटलं तर म्हणतात, मी चार पावलं सरकलो की शेंबड्या पोरालाही कळेल, तुझ्या भावाचा वेग गेला."

मान वर करता येईना. लाज वाटते स्वतःची.

१० जानेवारी

गप्प बसलो तर ते उद्याही बोटं देतील. बोललो तर मी गेलो. देवा, एकच मोसम मागत होतो रे!

११ जानेवारी

पहिल्या चेंडूआधीच हात केला — "भाऊजी, चार पावलं पुढे या!" हलेचनात. मग मीच चालत गेलो, त्यांच्यापासून पुढे मोजून चार पावलं, बुटाने रेघ ओढली. साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. लिहोत बापडे.