मिनेसोटातलं अंगण आणि एकवीस दिवसांचं पाणी

ईडन प्रेरी, मिनेसोटा
सप्टेंबरअखेर, रविवार

तीर्थस्वरूप जगन्नाथमामा,

ईडन प्रेरीहून उल्हासचा साष्टांग नमस्कार. (खरं तर उभ्यानेच करतोय. साष्टांग घातला तर उठवायला दोघं लागतील. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? रत्नामामी सांगत होत्या की डॉक्टरांनी मांडी घालून बसायची मनाई केली, तर तुम्ही त्यांच्या दवाखान्याची फरशी कशी चुकीची बसवली आहे ते त्यांना दाखवून आलात. मामींना आमचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल. आसावरी ऑफिसवर आणि माझ्यावर एकाच वेळी लक्ष ठेवून असते. चैत्राली दहावीत गेली. (इकडे दहावीचं कुणी काही वाटून घेत नाही, ते बघून मलाच धडधडतं.) आई ठणठणीत आहे.

फोन असताना हा कागद कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर मामा, व्हिडिओ कॉल लागला की आई शेजारी येऊन बसते, आणि मला जे सांगायचंय ते तिच्याबद्दलच आहे. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर तुम्ही तो मेसेज ‘आक्का, बघ उल्हास काय म्हणतो’ असं लिहून तिलाच पाठवता. असं दोनदा झालंय. म्हणून म्हटलं, कागदच बरा.

अप्पा गेल्यावर आईला इकडे आणलं त्याला अडीच वर्षं झाली. घर तिला आवडलं, नळाला चोवीस तास गरम पाणी येतं ते तर फारच आवडलं. पण मागचं दार उघडलं की तीन पायऱ्या आणि थेट गवत. गवतात खुर्ची ठेवली तर एक पाय रुततो, पापड वाळत घातले तर खारी येतात, रांगोळी काढावी तर कशावर? ‘छान आहे रे घर, पण याला अंगणच नाही,’ असं ती एकदाच म्हणाली. आई एकदा म्हणाली म्हणजे काय ते तुम्ही तिचे धाकटे भाऊ असल्यामुळे जाणताच. मी ठरवलं की अंगण करायचं, तेही दगडी, आणि स्वतःच्या हाताने. आसावरी म्हणाली, माणूस बोलव. मी म्हटलं, ज्याच्या मामाने चाळीस वर्षं बार्शीत शहाबादी फरश्या बसवल्या, त्याने माणूस बोलवायचा? (हे वाक्य तिने लक्षात ठेवलंय. अजून ऐकवते.)

इथे आधी एक गंमत सांगायला हवी. या देशात स्वतःच्याच परसात खड्डा खणायचा असला तरी आधी एका नंबरला फोन करावा लागतो. मग माणसं येतात आणि जमिनीखालून गॅस कुठून जातो, वीज कुठून जाते ते गवतावर रंगीत रेघा मारून आणि छोटे छोटे झेंडे रोवून दाखवून जातात. फुकट! मला या पद्धतीचं इतकं कौतुक वाटलं की मी ऑफिसात चार जणांना सांगितलं. घरी येऊन बघतो तर एकही झेंडा नाही. कुणाची तरी पोरं परसात कचरा टाकून गेली असं समजून आईने सगळे उपटले होते, पुसले होते आणि रंगांप्रमाणे गड्ड्या करून ड्रॉवरमध्ये ठेवले होते. निदान रेघा तरी राहिल्या असत्या, पण सकाळीच मी झेंडे चुकवत त्यांवरून गवत कापायचं यंत्र फिरवलं होतं. परत फोन केला. या वेळी आलेल्या माणसाने निघताना आईकडे बघून हात जोडले.

हे मागच्या सप्टेंबरातलं. दगड आले, दीड टनाचे, बिस्किटांच्या रंगाचे, एकाची कड दुसऱ्याला जुळेल तर शपथ. तुम्ही फोनवरून सांगत गेलात आणि मी करत गेलो. माती धुमसाने ठोकून घेतली, वर सिमेंटचा माल टाकला, दोरी लावली, घरापासून बाहेर ढाळ दिला, सांधे सिमेंटने असे भरले की मुंगी शिरली असती तर तिला परत यायला वाट मिळाली नसती. मग तुम्ही म्हणालात, ‘आता पाणी मार. पाण्यात कंजूषपणा करू नकोस, एकवीस दिवस.’ मामा, मी एकवीस दिवस पाणी मारलं. सकाळी ऑफिसच्या आधी, संध्याकाळी ऑफिसनंतर, छत्री धरून पावसातसुद्धा. पलीकडच्या घरात लाइल म्हणून एक म्हातारा राहतो. सगळा जन्म रस्ते बांधण्याच्या खात्यात गेला त्याचा. तो कुंपणाशी कॉफीचा मग घेऊन रोज उभा राहायचा. इकडची माणसं दुसऱ्याला चूक म्हणत नाहीत, पाप लागतं बहुतेक. फार झालं तर ‘दॅट्स डिफरंट’ म्हणतात. लाइल पहिल्या दिवशी ‘डिफरंट’ म्हणाला. चौदाव्या दिवशी मात्र न राहवून त्याने विचारलं, ‘आर दे ग्रोइंग?’ दगड वाढतायत का? मी हसलो. म्हटलं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

दिवाळीत आईने पहाटे उठून अंगणात सडा घातला. इकडे आल्यापासून तिचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. रांगोळीचे डबे, पणत्या, सगळं मांडून बसली. पण बाहेर शून्याखाली आठ होतं. तिने रांगोळीची पहिली चिमूट सोडेपर्यंत सड्याची काच झाली. फराळाला आलेला आमचा नागपूरचा राजीव दारातून ‘हॅपी दिवाली काकू’ म्हणाला आणि चकल्यांच्या डब्यासकट थेट कुंपणापर्यंत उभाच्या उभा गेला. (पडला नाही. पोरगा कॉलेजात स्केटिंग करायचा. चकल्या गेल्या.) मी मीठ टाकायला धावलो, तर लाइल कुंपणावरून ओरडला की मिठाने दगडाचे पापुद्रे निघतात, वाळू टाक. आईने वाळू टाकलेल्या अंगणाकडे बघितलं आणि रांगोळीचे डबे आत नेऊन ठेवले.

आणि मग जानेवारीत, मामा, दगड खरोखर वाढले. शपथेवर सांगतो. मला आधी वाटलं डोळ्यांचा दोष. मग मी घराच्या भिंतीवर खडूने खुणा केल्या आणि दर रविवारी कानटोपी घालून मोजायला लागलो. पहिल्या आठवड्यात अर्धं बोट, फेब्रुवारीपर्यंत मधला भाग तीन बोटं वर! कडेला कमी, पन्हाळीच्या खाली सगळ्यात जास्त. सांधे फुटले. एक दगड तर दुपारी आमच्यासमोर ‘टक्’ करून उडाला. वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही, पण खोटं कशाला बोलू, मला त्याहून जास्त नवल वाटत होतं. खालून कोण ढकलतंय? चैत्राली म्हणाली, ‘बाबा, यू आर मेझरिंग अ डेड थिंग.’ मी म्हटलं, मेलेली वस्तू वाढत नाही.

एप्रिलात बर्फ गेलं. अंगण म्हणजे भांडण होऊन उठलेली पंगत झाली होती, एकाचं तोंड एकीकडे तर दुसऱ्याचं दुसरीकडे. त्याच आठवड्यात जेवताना, ताटात आमटी वाढून घेता घेता, आई म्हणाली की या दिवाळीनंतर बार्शीला जाईन म्हणते, जगन्नाथच्या वरच्या खोलीत राहीन. परत कधी येणार, असं चैत्रालीने विचारलं. आई ‘बघू’ म्हणाली. वीस नोव्हेंबरचं तिकीट काढलंय, मामा. एकाच बाजूचं.

दुसऱ्या दिवशी मी लाइलकडे गेलो आणि सरळ विचारलं की माझं काय चुकलं. हा प्रश्न ऐकायला तो सात महिने थांबला होता. त्याने मला जेवायलाच बसवून घेतलं. तर त्यातलं शास्त्र असं. इकडची जमीन हिवाळ्यात चार-चार फूट खोल गोठते. आमच्या परसातली माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. त्या पाण्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतं, आणि वर जे काही असेल त्याला उचलतं. मी त्या मातीला थंडीच्या तोंडावर एकवीस दिवस पाणी पाजून ठेवलं होतं! वर सिमेंटने असं बांधून टाकलं होतं की दगडांना हलायलाच जागा नाही, मग फुटतील नाहीतर काय? मामा, तुमचं शिकवणं चुकीचं नव्हतं. बार्शीची जमीन गोठत नाही एवढाच फरक. तुम्ही म्हणता, सांधा हलला की गवंड्याचं नाक कापलं. लाइल म्हणतो, सांधा हललाच पाहिजे, दगड थोडा वर जाईल, उन्हाळ्यात परत खाली बसेल, त्याला जाऊ द्यावं नि येऊ द्यावं. तुम्ही दोघंही चाळीस-चाळीस वर्षांचे कसबी. दोघंही बरोबर कसे, याचा मी ड्राइव्ह करताना अजून विचार करतो.

मग सगळं उपटलं. पहारीने. माझी कंबर तेव्हाच गेली. एक फूट खणलं (झेंडे या वेळी आईनेच राखले, खारीलासुद्धा जवळ येऊ दिलं नाही). खालची माती वर येऊ नये म्हणून जाड कापड अंथरलं, त्यावर चार-चार बोटं खडी टाकायची आणि भाड्याच्या यंत्राने ठोकायची, परत टाकायची, परत ठोकायची. ते यंत्र माणसालाही ठोकतं, रात्री जेवताना माझ्या हातातला घास परत ताटात पडायचा. खडीवर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, कचेवर दगड. सिमेंट नाही, सांध्यांतही कचच. पाणी पडलं की खडीतून खाली निघून जातं, थांबतच नाही, मग फुगणार काय? मी बादली ओतून बघितली. मामा, ती गेली कुठे तेच कळेना! मी आणखी सहा ओतल्या.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वाकडेतिकडे दगड एकमेकांना जुळवणं मला जमेना. अख्ख्या शनिवारात चार बसले. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिने काचेवर उलथन्याने टकटक केली आणि बोटाने एक दगड दाखवला, मग जागा दाखवली. बसला. दुसरा दाखवला. तोही बसला. दुसऱ्या दिवशी स्नीकर्स घालून ती बाहेर आली आणि खुर्चीवर बसून हुकूम द्यायला लागली. हा फिरव, तो उलटा कर, त्याच्या पोटाशी तो लांबुडका घे. (चैत्राली म्हणाली, ‘आजी इज स्केअरी गुड.’) प्रत्येक दगडावर उभी राहून टाचेने जोखते, हलला तर परत काढायला लावते. लाइल आता तिला विचारून कॉफी पितो. निम्मं अंगण झालंय, पाऊलवाट व्हायचीय.

आणि रोज संध्याकाळी ती विचारते, ‘किती राहिलं रे?’ हा प्रश्न मला झोपू देत नाही. हिला अंगण संपलेलं का बघायचंय? बसायला, की निरोप घेऊन निघायला? चेहऱ्यावरून काही कळत नाही. संपवलं तर जाते की काय ही भीती, नाही संपवलं तर थांबायला कारण काय म्हणून भीती. परवा मी मुद्दाम हळू काम केलं. तिने माझ्या हातातली थापी काढून घेतली. मला ती जायला नको आहे, मामा. एवढंच आहे ते.

मामींना नमस्कार, घरच्या सगळ्यांची खुशाली कळवा. गुडघ्याला शेक घ्या.

तुमचा भाचा,
उल्हास

ता. क. : ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. तुम्ही आईला कळवा की वरची खोली भाड्याने दिली. बँकेतले कुणी सभ्य गृहस्थ आले आहेत आणि दोन वर्षं हलणार नाहीत असं म्हणा. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत हे मला ठाऊक आहे.

ता. क. २ : तुम्हाला अगदीच जमत नसेल तर फोन मामींकडे द्या. त्यांना जमेल. खोली गळते म्हटलं तरी चालेल.

ता. क. ३ : चि. जगन्नाथ यास आक्काचे आशीर्वाद. पाकीट दाराशी ठेवलेलं होतं. माझ्या भावाच्या नावाचं पत्र, म्हणून उघडलं. अक्षर अजून सुधारलं नाही याचं. खोली भाड्याने देऊ नकोस आणि गळवू तर मुळीच नकोस, मला तुमच्याकडे महिनाभर राहायला कधीतरी यायचंच आहे. दगड चांगले बसलेत, तू पाहिलेस तर तूही नावं ठेवणार नाहीस. पण याची कमाल बघ. दोनदा जमीन उकरली, तुला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं, आता पत्र लिहून तुला खोटं बोलायला लावतोय. आणि एप्रिलात मी जाते म्हणाले तेव्हा समोर बसला होता. ‘आणखी आमटी घे,’ म्हणाला. आई, जाऊ नकोस, हे तीन शब्द अजून माझ्याजवळ बोललेला नाही. तिकीट मी ऑगस्टातच चैत्रालीकडून कॅन्सल करून घेतलं. ते त्याला कळवू नकोस. त्याच्या तोंडून एकदा ऐकायचंय मला.